धोम, तापोळा, बामणोली : साताऱ्याकडे तंबूत एक रात्र काढायची तर

"पावणं, हितं नका लावू. पहाटं वारं वरनं उतरतंय."

धोमच्या जलाशयाकाठी म्हशी घेऊन परतणारे एक आजोबा एवढं सांगून पुढे निघाले. आम्ही तंबू पसरला होता ती जागा दिसायला फार सुरेख होती. समोर पाणी, पलीकडे कमळगड, पायाखाली सपाट गवत. पण पाठीमागे डोंगरातून एक घळ थेट आमच्या दिशेने येत होती आणि तिकडे कुणी बघितलंच नव्हतं. आजोबांचं ऐकून आम्ही तंबू उचलला आणि साठेक पावलं बाजूला, करवंदीच्या जाळीच्या आडोशाला नेला. पहाटे चारच्या सुमाराला घळीतून वारा असा सुटला की चुलीवरचं पातेल्याचं झाकण पाण्यापर्यंत घरंगळत गेलं. जाळीमागे आमचा तंबू नुसता फडफडला. आधीच्या जागी असतो तर तो उपटून गेला असता, याबद्दल मला शंका नाही.

रात्री डोंगरमाथा लवकर गार होतो. तिथली गार हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते, आणि घळ सापडली की तिथूनच वाहते. आजोबांना हे रोजच्या अनुभवाने माहीत होतं. पुण्याहून येणाऱ्यांना ते माहीत नसतं, यात त्यांची काही चूक नाही.

मी साताऱ्यात राहतो. दिवाळी झाली की पुण्यातले नातेवाईक आणि त्यांचे मित्र विचारू लागतात, "शनिवारी तंबूत राहायला कुठे जाऊ?" फोनवर हे सगळं सांगणं जमत नाही, म्हणून एकदाच नीट लिहून काढतो आहे. लहान मुलं घेऊन, पहिल्यांदाच, आपल्या गाडीने येणारं कुटुंब डोळ्यासमोर ठेवलं आहे.

आधी महिना ठरवा

जून ते सप्टेंबर तंबूचा विचार सोडून द्या. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. जुलै २०२१ मध्ये जिल्ह्याच्या पश्चिम भागात दरडी कोसळून माणसं गेली. ती गावं याच डोंगररांगांतली आहेत. पावसाळ्यात यायचं तर पक्क्या छपराखाली राहा. ठोसेघर, कास बघा आणि उजेडी परत फिरा.

परतीचा पाऊस सरला की हंगाम सुरू होतो. माझा आवडता महिना नोव्हेंबर. गवत पिवळं पडू लागलेलं असतं, धरणं भरलेली असतात, हवेत धूळ नसते आणि थंडी सोसवते. डिसेंबर-जानेवारीत आकाश सर्वांत स्वच्छ. १३-१४ डिसेंबरच्या सुमाराला मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. चंद्र नसेल तर नुसतं उताणं पडून बघत राहावं. मात्र थंडी खरी असते. वेण्णा तलावाच्या काठी काही पहाटे दव गोठून गवतावर पांढरा थर बसतो, हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलं असेल. तेव्हा महाबळेश्वरच्या बाजारात एवढा कडाका नसतो. वर सांगितलेली गार हवाच तिथे खोलगट भागात येऊन साचते. म्हणून थंडीत तंबू अगदी पाण्यालगत न लावता पंधरा-वीस फूट उंचावर लावला तर रात्र बरीच सुखाची जाते.

फेब्रुवारीच्या शेवटापासून गवत कोरडंठाक होतं आणि वणव्यांचे दिवस येतात. मे महिन्याच्या अखेरीला काजवे दिसतात म्हणून गर्दी होते, पण तेच वळवाचे दिवस. त्याबद्दल पुढे सांगतो.

तारीख धरताना पंचांग उघडून बघा. तारे बघायचे तर अमावास्येच्या आसपासचा शनिवार धरा. मुलं लहान असतील आणि अंधाराला बिचकत असतील तर पौर्णिमेच्या जवळचा बरा.

कुठे जायचं

पहिल्यांदाच येणाऱ्यांनी धोमला यावं. पुण्याहून खंबाटकी घाट चढून उतरायचं, सुरूर फाट्याला महामार्ग सोडायचा, की थोड्याच वेळात वाई. पुण्यापासून हे अंतर नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. वाईच्या पुढे आठ-दहा किलोमीटरवर कृष्णेवरचं धोम धरण. रस्त्यात अवघड घाट नाही, वाईत दवाखाने, औषधांची दुकानं, पेट्रोल पंप सगळं आहे, आणि रात्री मूल आजारी पडलं तर अर्ध्या-पाऊण तासात गावात पोहोचता येतं. पहिल्या खेपेला याला नजाऱ्याहून जास्त किंमत आहे, असं माझं मत. नजाराही कमी नाही. दक्षिणेला पाचगणीचं पठार भिंतीसारखं उभं असतं आणि रात्री त्याच्या कडेवर गावाचे दिवे लुकलुकतात. पाण्याच्या काठाने तंबूंची सोय करणारे शेतकरी आणि छोटे व्यावसायिक भरपूर आहेत. त्यामुळे सुट्टीच्या शनिवारी गर्दी आणि आवाजही असतो. शुक्रवारी किंवा रविवारी रात्री राहता आलं तर तेच ठिकाण निराळं भासतं.

दुसऱ्या खेपेला तापोळा. महाबळेश्वरातून सुमारे अठ्ठावीस किलोमीटर घाट उतरून खाली जायचं. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय इथपर्यंत पसरला आहे आणि कोयना-सोळशीचं पाणी इथे एकत्र येतं. धोमपेक्षा दरी अरुंद, झाडी दाट, अंधार गडद. रस्ता वळणावळणाचा आहे, गाडीत उलटी होणाऱ्यांना आधीच गोळी द्या आणि घाट उजेडी उतरा. मोबाइलला रेंज मिळेलच असं धरून चालू नका. तंबू जिथे लावणार आहात त्या मालकाचा नंबर आणि वाटेतल्या खुणा कागदावर लिहून घ्या, घरच्यांनाही तोच कागद पाठवा.

एक गोष्ट तापोळ्याला जाणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवावी असं मला वाटतं. त्या निळ्या पाण्याखाली गावं आहेत. कोयना धरण झालं तेव्हा इथली माणसं घरं, शेतं, देवळं सोडून उठली. काही दूर गेली, काही वरच्या उतारावर सरकून राहिली. तुम्ही ज्या तुकड्यावर तंबू लावणार तो कुणाची तरी उरलेली जमीन असतो. तिथे बाटली फोडणं, बांध तुडवणं, मोठ्याने गाणी लावणं कसं दिसत असेल, ते त्या घरच्या बाईच्या नजरेने बघा.

तिसरं बामणोली. हे त्याच जलाशयाच्या काठचं गाव, पण वाट साताऱ्याकडून. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढायचा, कास पठार आणि तलाव मागे टाकायचा आणि खाली उतरायचं. एकूण पस्तीस-चाळीस किलोमीटर. पेट्रोल साताऱ्यातच भरून घ्या. सप्टेंबरात फुलांच्या दिवसांत या रस्त्यावर कोंडी होते. नोव्हेंबरात तोच रस्ता मोकळा असतो.

सांगली-मिरजेहून येणाऱ्यांना बामणोली सोयीचं पडतं. कराड, सातारा असं महामार्गाने यायचं आणि दुपारचं जेवण साताऱ्यात करून वर चढायचं.

तंबू कुठे लावू नये, हेही सांगतो. कास पठारावर अजिबात नाही. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यातल्या ३९ स्थळांपैकी हे एक. वरून नुसता कातळ दिसतो, पण बोटभर मातीच्या थरात पुढच्या वर्षीच्या फुलांचं बी आणि कंद निजलेले असतात. टोपली कारवीसारखं झुडूप तर एकदा फुललं की पुन्हा सात वर्षांनी फुलतं. तिथे एका रात्रीच्या तंबूने किती नुकसान होतं ते डोळ्यांना त्या दिवशी दिसत नाही. शिवाय जांभ्या कातळात मेख शिरतच नाही.

वासोट्यावर मुक्काम नाही. तो किल्ला कोयना अभयारण्यात आहे, आणि २०१० पासून हे जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. बामणोलीत वन विभागाची परवानगी घ्यायची, बोटीने पलीकडे जायचं, गड बघून संध्याकाळच्या आत परत. रात्र बामणोलीच्या काठाला काढून सकाळच्या पहिल्या बोटीने वासोटा करणं, हा बेत मात्र फार चांगला आहे. प्रत्येकाचं ओळखपत्र जवळ असू द्या.

चाळकेवाडीच्या पठारावर लोक तंबू घेऊन जातात, मी कुणाला सुचवत नाही. तिथे पवनचक्क्या का उभ्या केल्या, एवढा विचार केला तरी उत्तर मिळतं. सज्जनगडावर समर्थांच्या समाधीपाशी राहायचं तर भक्तांसाठी खोल्यांची सोय आहे, तंबूची गरज नाही. मात्र रात्री गडाचा दरवाजा बंद होतो, त्याआधी वर पोहोचा. बाकीच्या किल्ल्यांवरही तंबू टाळावा. पाण्याची टाकी खराब होतात आणि कड्याला आग्या मोहोळ असलं तर सकाळची चुलीची धुरी सगळ्यांना महागात पडते.

जागेचा मालक कोण, ते विचारा

स्वतःचा तंबू असला तरी "मोकळी जागा दिसली, लावला" असं करू नका. धरणाच्या काठची जमीन कुठे शेतकऱ्याची, कुठे पाटबंधारे खात्याची, कुठे वन विभागाची असते आणि बघून ओळखता येत नाही. जवळच्या वस्तीवर जा. "काका, आम्ही पुण्याहून आलोय, चार माणसं आहोत, एक रात्र तंबू लावायचाय, कुणाला विचारू?" एवढं म्हटलं की बहुतेक वेळा चहाच पुढे येतो. मालक भेटला की पैसे किती ते आधीच ठरवा आणि रात्रीचं जेवण त्यांच्याच घरी सांगा. पिठलं, भाकरी, खर्डा, इंद्रायणीचा भात. मुलांसाठी तिखट बेताचं सांगायला विसरू नका. या एका गोष्टीने रात्रीची अर्धी सुरक्षितता होते. आपण इथे आहोत हे गावाला माहीत असतं, कुत्री भुंकली तर कुणीतरी बॅटरी घेऊन बाहेर येतं.

तयार तंबूची सोय घेणार असाल तर माणशी साधारण हजार ते दोन हजार रुपयांत संध्याकाळचा चहा, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता असा हिशोब असतो. फोटो बघून पैसे भरू नका. काही वर्षांपूर्वी मी भाचरांना घेऊन अशाच एका ठिकाणी गेलो. फोटोत पाण्याकाठी चार तंबू होते. प्रत्यक्षात उसाच्या शेताशेजारी पन्नासेक तंबू, दोऱ्या एकमेकांत अडकलेल्या, स्वच्छतागृहं दोन, आणि मध्यरात्र उलटली तरी भिंतीएवढे भोंगे चालू. आगाऊ पैसे परत मिळाले नाहीत. मुलं रात्रभर झोपली नाहीत आणि धाकटी पुन्हा कधी तंबूत यायला तयार झाली नाही. या गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून मी फोनवर ठराविक प्रश्न विचारतो. त्या रात्री एकूण तंबू किती असतील? दोन तंबूंत अंतर किती? स्वच्छतागृहं किती, पाणी चोवीस तास आहे का, बायकांसाठी वेगळं आहे का? गाडी तंबूपासून किती लांब लावायची? रात्री दहानंतर स्पीकर बंद असतो का? ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा बाहेर भोंगा लावता येतच नाही, त्यामुळे हे विचारायला संकोच वाटू देऊ नका. बोटिंग असेल तर सगळ्यांना, लहान मुलांच्या मापाचीसुद्धा, लाइफ जॅकेट आहेत का? शेवटचा प्रश्न : रात्री तुमच्याकडचं कोण तिथे थांबतं? यावर "कुणीतरी असतंच" असं उत्तर आलं तर दुसरं ठिकाण बघा.

सामान

इथे फार वेळ घालवत नाही, याद्या सगळीकडे मिळतात. लोक जे विसरतात तेवढंच सांगतो.

थंडी खालून लागते. वर दोन पांघरुणं घेऊन खाली नुसती सतरंजी टाकली तर पाठ रात्रभर गार राहते. खाली आधी ताडपत्री, तिच्यावर फोमची चटई, तिच्यावर घोंगडी. घोंगडी जड असते पण गाडीत न्यायला काय हरकत आहे? दवाने ती वरून ओली झाली तरी आत ऊब राहते. कानटोपी आणि कोरडे मोजे फक्त झोपण्यासाठी वेगळे ठेवा.

डोक्याला बांधायची बॅटरी प्रत्येकाला एक. हात मोकळे राहिले की तंबू लावणं, मुलाला बाहेर नेणं, सगळं सोपं होतं. माणशी चार-पाच लिटर पिण्याचं पाणी घरून. जलाशयाचं पाणी खळखळून उकळल्याशिवाय तोंडात घेऊ नका. जाड दोरीचं एक बंडल, एक छोटा हातोडा, जादा चार मेखा, काडेपेटी प्लास्टिकच्या डबीत, नेहमीची औषधं, आणि कचऱ्यासाठी दोन मोठ्या पिशव्या.

पोचायची वेळ

माझा एकच आग्रह आहे : चारच्या आत जागेवर या. शनिवारी सकाळी पुण्यातून नऊ-दहाला निघणारे खंबाटकीत अडकतात. सहाला निघा. दुपारी वाईत ढोल्या गणपतीचं दर्शन घ्या, मेणवलीला कृष्णेचा घाट आणि नाना फडणवीसांचा वाडा बघा. घाटावर टांगलेली मोठी घंटा वसईच्या मोहिमेतून आलेली, मुलांना ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. मग निवांत धोम.

चारच का? कारण या दऱ्यांत सूर्य डोंगराआड लवकर जातो. वर्तमानपत्रात सूर्यास्त सहाचा असला तरी पाण्याकाठी साडेपाचलाच सावली पडते आणि गारवा सुरू होतो. जागा निवडायला अर्धा तास, तंबूला अर्धा तास, सरपणाला अर्धा तास, आणि मुलांना पाण्यात दगड भिरकवायलाही वेळ हवाच.

जागा निवडणं आणि तंबू लावणं

गाडीतून उतरल्यावर पाण्याकडे पाठ करून उभे राहा आणि आधी डोंगर बघा. घळ कुठे उतरते? तिच्या तोंडासमोरची जागा बाद. जमिनीवर बारीक वाळू आणि गोल गोटे एका ओळीत पसरलेले दिसले तर तो ओढ्याचा मार्ग आहे, कोरडा असला तरी बाद.

हे मी मेच्या शेवटी एकदा अनुभवलं आहे. कोयनेच्या खोऱ्यात काजवे बघायला चौघे गेलो होतो. ओढ्याच्या पात्रात वाळू मऊ होती, पाठीला बरं वाटेल म्हणून तिथेच तंबू लावला. आकाशात तारे होते. रात्री दोनला वरच्या डोंगरात वीज चमकताना दिसली. आमच्यावर थेंब नव्हता. पंधरा-वीस मिनिटांनी वरून खडखड आवाज आला, गाडी येते तसा. मी बाहेर हात काढला तर वाळू ओली आणि तळहाताखाली पाणी सरकत होतं. आम्ही माणसं आणि एक पिशवी घेऊन काठावर चढलो. तंबू, पांघरुणं, चपला, सगळं गेलं. सकाळी तंबूचं कापड खालच्या उंबराच्या मुळीत गुंडाळलेलं सापडलं. वळीव वर पडतो आणि पाणी खाली येतं. तुमच्या डोक्यावर तारे असले तरी.

धरणाच्या पाण्यापासूनही अंतर ठेवा. काठावर ओल्या-सुक्या मातीची रेघ आणि वाळलेल्या काटक्यांची ओळ दिसते. पाणी कुठवर येऊन गेलं, ते ती सांगते. तंबू त्या ओळीच्या वर. पाणी ओसरलेल्या भागात वरून वाळलेली, भेगा पडलेली माती दिसते, पण खाली गाळ असतो. काठी खुपसून बघा. काठी सहज आत गेली तर मुलांना तिथे फिरकू देऊ नका. पाय गुडघ्यापर्यंत रुतला की एकट्याला काढता येत नाही.

वर बघा. वाळलेली फांदी किंवा मधमाश्यांचं पोळं असलेलं झाड नको. खाली बघा. मुंग्यांचं वारूळ, बीळ, दगडांचा ढीग यांपासून दूर. मग जागेवर स्वतः आडवे पडा, दोन मिनिटं. उतार डोळ्याला कळत नाही, पाठीला कळतो. थोडा उतार असेलच तर डोकं वरच्या बाजूला येईल असा तंबू ठेवा.

आता खडे वेचा, ताडपत्री अंथरा. तिचा कोणताही कोपरा तंबूच्या बाहेर डोकावता कामा नये, नाहीतर दव आणि पावसाचं पाणी तिच्यावरून सरळ तुमच्या खाली येतं. कडा आत दुमडा. तंबूचं दार वाऱ्याच्या उलट दिशेला. संध्याकाळी वारा पाण्याकडून येत असला तरी पहाटे तो डोंगराकडून येईल, हे लक्षात ठेवून दाराचं तोंड पाण्याकडे किंवा डोंगराकडे नाही, तर काठाच्या लांबीच्या दिशेला राहील असं बघा.

मेख सरळ ठोकू नका. तिचं डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं, जमिनीशी साधारण पंचेचाळीस अंशात. दोरी आणि मेख यांत काटकोन झाला पाहिजे, मग ताण आला तरी ती उपसत नाही. जमीन मुरमाड असली आणि मेख वाकायला लागली तर जबरदस्ती करू नका. डोक्याएवढा दगड घ्या, दोरी त्याला दोन वेढे देऊन बांधा आणि पहिल्या दगडावर दुसरा ठेवा. आमच्याकडचे मेंढपाळ वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवती लावायची जाळी, असंच दगडाने दाबतात. तणाव्याच्या सगळ्या दोऱ्या बांधा, हवा शांत असली तरी. प्रत्येक दोरीला पांढऱ्या कापडाची चिंधी लावली की रात्री कुणी अडखळत नाही.

बाहेरचं कव्हर आतल्या कापडाला चिकटू देऊ नका, चार बोटं अंतर राहील इतकं ताणा. आणि वरची जाळी बंद करू नका. थंडी वाजते म्हणून लोक सगळ्या चेन लावतात, मग माणसांच्या श्वासाची वाफ आत थेंब होऊन गळते आणि पहाटे पांघरूण ओलं लागतं. त्यांना वाटतं तंबू गळला.

चूल, शेकोटी, जेवण

शेकोटी मालकाला विचारून, जुन्या राखेच्या जागीच, तंबूपासून निदान पंधरा-वीस फुटांवर आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला. भोवतीचं गवत हाताने उपटून चार-पाच फूट माती उघडी करा. सरपण विकत घ्या, झाड तोडू नका. फेब्रुवारीनंतर शेकोटी नकोच, गॅसची छोटी शेगडी वापरा. झोपण्याआधी पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता, आणि राखेवर उलटा हात धरून बघा. ऊब लागली तर अजून पाणी.

आणि कितीही थंडी असो, निखाऱ्याचं घमेलं किंवा पेटती शेगडी तंबूत नेऊ नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, झोपलेल्या माणसाला जागच येत नाही.

भांडी पाण्याच्या काठावर साबणाने घासू नका. कास तलावाचं पाणी सातारा शहर पितं. धोमच्या पाण्यावर खालची शेती आणि गावं आहेत. राख-मातीने घासा, धुतलेलं पाणी काठापासून दूर ओता. शौचालय नसेल तर पाण्यापासून निदान दोनशे फूट लांब वीतभर खड्डा करून नंतर माती लोटा. ओले कागद, डायपर, पॅड पिशवीत घालून परत न्या.

रात्र

जेवण झालं की उरलेलं अन्न, डबे, कचऱ्याची पिशवी गाडीत. चपलाही आत घ्या, वस्तीवरची कुत्री पळवतात. बिबट्या आणि गवे या भागात आहेत, पण माणसांच्या हालचालीजवळ ते सहसा येत नाहीत. मुलांना एकटं अंधारात पाठवू नका, एवढं पुरे.

खरी काळजी सापाची घ्यायची. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही विषारी जाती आपल्याकडे आहेत. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या उबेला येते. तिचा दंश इतका बारीक असतो की कित्येकदा कळतही नाही. तंबूची चेन पूर्ण बंद असली की हा धोका जवळजवळ संपतो, म्हणून आत-बाहेर करताना दरवेळी चेन लावायची सवय मुलांना संध्याकाळीच लावा. बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, सकाळी बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत. दंश झालाच तर आवळपट्टी, चिरा, झाडपाला काही नाही. माणसाला चालू न देता, हात-पाय न हलवता गाडीत घाला आणि वाईच्या किंवा साताऱ्याच्या सरकारी रुग्णालयात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर मदतीसाठी ११२.

पोहणं नाही. रात्री तर नाहीच, दिवसाही नाही. धरणाचा काठ पायरीसारखा तुटतो. दोन पावलं कमरेएवढं, तिसऱ्याला तळ नाही. खाली बुडालेल्या झाडांचे बुंधे असतात. दारू पिऊन पाण्यात उतरलेल्या पोरांच्या बातम्या आम्ही साताऱ्यात दर वर्षी वाचतो. कुणी सोबत्याने हट्ट धरला तर नातं बाजूला ठेवून अडवा.

मग दिवे मालवा, सगळे. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात. थंडीत जेवणं उरकेपर्यंत पूर्वेला मृग नक्षत्र बरंच वर आलेलं असतं. मधले तीन तारे म्हणजे बाण, त्याच्या रेषेत खाली झगझगणारा व्याध, वर रोहिणी आणि तिच्याही वर कृत्तिकांचा पुंजका. माझ्या पुतणीने सहा वर्षांची असताना कृत्तिका मोजल्या आणि "आठ" म्हणाली. मला सहाच दिसतात.

सकाळ

उजाडताना पाण्यावर धुकं असतं, ते बघायला उठा. चहा झाला की तंबू आवरण्याआधी पांघरुणं उन्हात टाका. मेखा मोजून काढा, राहिलेली मेख गुराच्या खुरात जाते. शेकोटीची राख मोकळी करून पुन्हा पाणी. मग सगळ्यांनी एका रांगेत उभं राहून जागेवरून हळू चालत जायचं आणि दिसेल तो कपटा उचलायचा, आपला नसला तरी. मालकाचे पैसे द्या, जेवण करणाऱ्या मावशींना वेगळं भेटा. जमलं तर तांदूळ किंवा घेवडा त्यांच्याकडूनच विकत घ्या.

दुपारी तीननंतर निघालात तर खेड शिवापूरच्या टोलनाक्याला रांग लागते. जेवून बाराच्या आत निघा.

घरी पोहोचल्यावर तंबू तसाच पिशवीत ठेवू नका. तो सकाळी कोरडा वाटला तरी शिवणीत दव मुरलेलं असतं आणि आठवड्यात बुरशी धरते. गच्चीवर किंवा दोन खुर्च्यांवर एक दिवस पसरून ठेवा, माती झटका, चेनच्या दातांतली वाळू जुन्या टूथब्रशने काढा, आणि मग घडी घाला.